शिडासारखं छप्पर आणि काकांचा स्लॅब

ताई,

मी देवगड तालुक्यातला. गेल्या वर्षी मुंबईतून बी.आर्क. झालो. शेवटच्या वर्षाचा माझा थीसिस मच्छीमारांसाठी सागरी केंद्र असा होता. जेटीला लागून, शिडासारखी तीन छपरं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खूप कौतुक केलं. आई-बाबांसाठी परत आलो आणि गेले आठ महिने जिल्ह्यातच एका ऑफिसात आहे. पगार १२ हजार. काम म्हणजे परवानगीचे नकाशे, जिन्याचे सेक्शन (उभे छेद) आणि टॉयलेटचे डिटेल. आतापर्यंत १७ टॉयलेट काढलीत, मोजून ठेवलीत. सर साइटवर नेत नाहीत. म्हणतात, तुझा कॅडवर हात चालतो, तू इथेच बस. डिझाइन म्हणावं असं काही आठ महिन्यांत केलेलं नाही.

त्यात काकांनी गावातलं आजोबांचं कौलारू घर पाडून स्लॅबचा बंगला बांधायचं ठरवलंय. घरचाच आर्किटेक्ट आहे, असं गावभर सांगूनही झालंय. त्यांना सपाट स्लॅब हवा आणि समोर काच. ते घर पाडायच्या विचारानेच मला कसंतरी होतं, पण पहिलंवहिलं काम हातचं घालवू का? सरांना न सांगता करू का? की सगळं सोडून मुंबई गाठू? नाहीतर कर्ज काढून बाहेर मास्टर्स? इथे राहून कोण मोठं झालंय? पोर्टफोलिओ तयार करतोय. त्यात ऑफिसचा एक बंगला घातलाय, त्याचं थ्रीडी मीच केलं होतं. पाहाल का?

— सतरा टॉयलेटवाला

प्रिय सतरा टॉयलेटवाल्या,

तुझी सही वाचून आधी हसले. मग मी स्वतः किती काढली असतील ते मोजायला बसले आणि दोनशेच्या पुढे नाद सोडला. माझी पहिली दीड वर्षं मुंबईतल्या एका ऑफिसात जिने काढण्यात गेली. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काढायचं, चुकलं की ब्लेडने खरवडायचं. खरं डिझाइन शेजारच्या टेबलावर चाललंय असं मला तेव्हा वाटायचं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा पार्किंग काढत होता, हे फार नंतर कळलं.

आधी तुझ्या टॉयलेटचंच बोलू. ड्रॉइंगवर नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, हे कोपऱ्यातलं एक वर्तुळ. साइटवर ते वर्तुळ दोन बाय दोनच्या टाइलच्या बरोबर मधोमध आलं, तर चारी बाजूंनी ढाळ द्यायला मिस्त्री त्या टाइलचे तिरके चार तुकडे करतो. त्यातला एखादा वर्षभरात डुगडुगायला लागतो, खाली पाणी मुरतं आणि दोन पावसाळ्यांत खालच्या खोलीच्या छताला नकाशा उमटतो. ट्रॅप भिंतीपासून किती इंचांवर घ्यायचा हे टाइलच्या मापावरून आधीच ठरवणारा माणूस डिझाइनच करत असतो. दर मीटरला एक सेंटिमीटर ढाळ दिला तर दाराशी उंबरा किती राहतो, दार उघडताना कमोडला आपटतं का, टॉवेलची खुंटी शॉवरखाली भिजते का, हे सगळं त्यातच आलं. आणि आपल्याकडे आणखी एक प्रश्न असतो, तो मुंबईच्या कुठल्याच स्टुडिओत कुणी विचारत नाही: शेतातून गुडघाभर चिखल घेऊन आलेला माणूस बाथरूममध्ये कुठून शिरणार? स्वयंपाकघरातून? सतरापैकी किती बाथरूमना तू बाहेरून दार दिलंस?

तरी तुझी तक्रार खोटी नाही. फक्त ती आणखी तीन हात पलीकडे न्यायला हवी. डिझाइन देत नाहीत म्हणून तू चिडलायस. मी तुझ्या जागी असते तर साइट देत नाहीत म्हणून चिडले असते. सतरा टॉयलेट काढून एकही बांधताना न बघणं म्हणजे सतरा पत्रं पेटीत टाकायची आणि एकाचंही उत्तर उघडायचं नाही.

म्हणून सरांकडे पगारवाढीच्या आधी शनिवार माग. 'शनिवारी माझ्या गाडीने साइटवर जातो, पेट्रोल ऑफिसचं, सोमवारी सकाळी फोटोंसकट दोन पानांचा रिपोर्ट तुमच्या टेबलावर,' असं सांग. बिनकामाचं कुरकुरणारं पोर आणि शनिवारी उन्हात जायला तयार असलेलं पोर यांतला फरक कुठल्याही सरांना कळतो. त्यांची स्वतःची साइटवरची एक फेरी वाचते, हेही त्यांना कळतं.

साइटवर गेलास की पहिले दोन-तीन शनिवार तोंड बंद ठेव. आखणी चालू असेल तर मिस्त्री गुण्या कसा धरतो ते बघ. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि मधलं तिरकं माप पाच भरलं की कोपरा काटकोनात. मग खोलीचे दोन्ही कर्ण तू स्वतः मोज. दोन इंचांचा फरक निघाला तर ओरडू नकोस, मिस्त्रीला टेप धरायला सांग आणि त्याच्याच तोंडून आकडा येऊ दे. आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तर नक्की जा. सळई फळ्यांपासून उचलून धरायला खाली खडीचे तुकडे सारलेले दिसतील. दुसऱ्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्यावरून चालली की ती खडी निसटते आणि सळई फळीला टेकते. शहरात ते खपतं काही वर्षं. आपल्याकडे हवाच खारी. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलंय ते उगाच नाही. सळई गंजते, फुगते, आणि एके दिवशी रात्री जेवताना छताचा पोपडा ताटाशेजारी पडतो. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक मोजणारा पोरगा कुणाला आवडत नाही. मोज तरीही.

पगाराचं थोडक्यात. १२ हजार कमीच आहेत, त्यात बोलण्यासारखं काही नाही. आर्किटेक्टांसाठी १९८९ पासून व्यावसायिक आचाराची नियमावली आहे. हाताखालच्या लोकांच्या कामाची दखल घ्यावी, त्यांना रास्त मोबदला द्यावा, त्यांच्या व्यावसायिक वाढीला हातभार लावावा, असं तिच्यात आहे. ती सरांच्या तोंडावर फेकू नकोस, पण तू उपकारावर जगत नाहीयेस एवढं मनात असू दे. ऑफिसांतून एक गोष्ट नेहमी ऐकवली जाते: आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टकडे गेले तेव्हा सुरुवातीचे काही महिने त्यांना पगारच नव्हता. खरी आहे गोष्ट. पण ती सांगणाऱ्याने आपल्या भिंतीवर कॉर्ब्युझिएच्या तोडीचं काय लटकतंय ते आधी बघावं. तीन महिने शनिवार कर, रिपोर्टांचा गठ्ठा जमू दे, मग तो समोर ठेवून पगाराचं बोल. आणि हो, आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी केलीस का? पत्रात उल्लेख नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, काकांनी गावभर सांगितलं तरीही.

आता तुझ्या शिडांकडे येते, आणि त्यासाठी मला माझी एक लाज सांगावी लागेल.

१९९८ मध्ये मालवणजवळच्या एका गावात मी माझं पहिलं स्वतंत्र घर केलं. समुद्र दिसावा म्हणून नैर्ऋत्येला सहा फुटी खिडकी. तिच्यावर चज्जा नाही, कारण चज्ज्याने माझ्या पांढऱ्या चौकोनाची रेघ मोडत होती. वर सपाट स्लॅब, कडेला बारीकसा कठडा. मे महिन्यात वास्तुशांत झाली, सगळ्यांनी वाखाणलं, मी फोटो काढून घेतले. फीचा शेवटचा हप्ता राहिला होता, तो मागायला ऑगस्टमध्ये गेले. घरमालकांच्या आई त्या खिडकीखाली गोणपाटं अंथरून बसल्या होत्या. झड आत येत होती, खिडकीखालच्या भिंतीला हिरवं शेवाळ धरलं होतं. त्यांनी एक गोणपाट उचललं, बादलीत पिळलं, परत अंथरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गो चेडवा, ह्या घराक टोपी घालूक इसारलंस काय?"

हप्ता मागायचा धीर झाला नाही. पुढच्या मे महिन्यात त्या घरावर पत्र्याची शेड आली, खिडकीवर पत्र्याचा पाखा आला. आजही त्या रस्त्याने जाताना मी दुसऱ्या बाजूला बघते.

आणि ही एकट्या माझी गोष्ट नाही. महामार्गावरून कुठल्याही गावात वळ, स्लॅबच्या डोक्यावर निळा नाहीतर लाल पत्रा दिसेल. लोक आधी स्लॅबचे पैसे देतात, दोन-तीन पावसाळे बादल्या लावतात, आणि मग वर छपराचे पैसे देतात. एकाच घराला दोनदा छप्पर.

तुझ्या तीन शिडांना म्हणून मला दोनच गोष्टी विचारायच्यात. जुलैत वारा येतो त्या बाजूला शिडाचं पोट आहे की पाठ? आणि दोन शिडं जिथे एकमेकांना भिडतात त्या खोबणीतलं पाणी जातं कुठे? परीक्षकांनी विचारलं नसणार. जूरी उन्हाळ्यात असते, तीही एसी खोलीत. थीसिस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी तो पाहिलेलाच नाही. पण या दोन प्रश्नांची उत्तरं काढून तेच छप्पर पुन्हा काढ. बदलेल बघ, आणि बहुधा सुधारेल.

काकांचं घर. तुझ्या पत्रातला खरा ऐवज हा आहे, आणि तू तो दोन वाक्यांत संपवलास.

पेन्सिल हातात घ्यायच्या आधी सातबारा बघ. आजोबांचं घर म्हणजे जमिनीवर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं असणार. काका, तुझे बाबा, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांची मुलं. घराचा असेसमेंट उतारा (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा) कुणाच्या नावावर आहे तेही बघ. चतुर्थीला आरतीत शेजारी उभं राहून टाळ वाजवणारा चुलतभाऊ जोतं पाडायच्या दिवशी वकिलाची नोटीस घेऊन येतो, हे मी एकदा नाही, चारदा पाहिलंय. सगळ्यांच्या लेखी संमत्या येईपर्यंत नव्या घराची एक रेघ मारू नकोस. जागा गावठाणात आहे की बाहेर, बाहेर असेल तर बिनशेतीचा आजचा नियम काय, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचं, काय, हे त्यानंतर. यात दिवाळी उजाडेल. उजाडू दे, ते तुझ्या फायद्याचंच आहे. का ते सांगते.

काका अडाणी आहेत असं समजू नकोस. तुला पाडायच्या कल्पनेने कसंतरी होतं, कारण तू सुट्टीत जाऊन ओटीवर झोपलायस. दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधायला तू गेलेला नाहीस. माणूस मिळत नाही, मिळाला तर मिरग (मृग नक्षत्र) आल्याशिवाय येत नाही. माकडं एका दुपारी पन्नास कौलं फोडतात. वाशांना वाळवी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कौलं पत्त्यांसारखी उडालेली त्यांनी पाहिली असतील. 'स्लॅब' या एका शब्दात ते या सगळ्यापासून सुटका मागतायत. ती सुटका तुला द्यावीच लागेल. कशी द्यायची, हे ठरवणं तुझं काम.

त्यासाठी पुढचे दोन रविवार घर मोज. ३० मीटरचा टेप घे, दुसरं टोक धरायला एखादा चुलतभाऊ घे (संमतीचं बोलणंही तेव्हाच सुरू होईल). जोत्याची उंची, भिंतीची जाडी, ओटी, पडवी, माजघर, न्हाणी, आढ्याची उंची. आणि वळचणीची उंची. पुढच्या पडवीत शिरताना तू लहानपणापासून वाकतोयस, आजवर कधी मोजलं नसशील. तिथे उभं राहून नैर्ऋत्येकडे बघ. पाऊस आपल्याकडे सरळ पडत नाही, तिरपा येतो. वळचण जितकी खाली, तितकी भिंत कमी भिजते. पागोळ्या कुठे पडतात तिथली जमीन बघ, चिरे झिजलेले असतील. पश्चिमेच्या बाजूला पावसाच्या आडोशाची झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायला ठोकलेले खिळे असतील, ते कुठे आहेत तेही ड्रॉइंगवर घे. आणि मग जुलैत, भर पावसात, दोन दिवस जाऊन राहा. कुठे गळतं, कुठे मुळीच गळत नाही, हे खडूने जमिनीवर आखून तेही नकाशावर चढव. म्हणून म्हटलं, दिवाळी उजाडू दे. घर पाडायच्या आधी ते पावसात बघायची संधी पुन्हा मिळणार नाही.

दुसरं, काकांना काय हवं ते तुला कळलंय, आता काकींना विचार. जुलैत कपडे कुठे वाळतात? बहुतेक चुलीवरच्या वलणीवर, आणि नव्या घरात चूल नसेल तर मग कुठे? लाकडं, नारळ, काजूची पोती कुठे? गुडघे दुखतात तर न्हाणी किती पायऱ्या खाली? गणपती कुठल्या भिंतीला बसतो? गणपतीवरची फळापानांची माटवी कशाला टांगतात? आज वाशाला दोरी टाकली की झालं. स्लॅबमध्ये त्याचे हुक ओतायच्या आधी ठेवावे लागतात, नंतर ड्रिल घेऊन भोकं पाडायची वेळ येते आणि कव्हरची वाट लागते. एवढी एक गोष्ट ड्रॉइंगवर दाखवलीस तरी काकी तुझ्या बाजूने होतील, आणि काकी बाजूने असल्या की अर्धं काम झालं.

आता या घराचा खरा प्रश्न. वर्षातले साडेतीनशे दिवस तिथे दोन माणसं राहणार आणि चतुर्थीचे दहा-पंधरा दिवस चाकरमानी धरून पंचवीस. काका जो बंगला मागतायत तो पंचवीस माणसांचा आहे: वर चार बेडरूम, साडेतीनशे दिवस कुलूपबंद, आत बुरशी. दोघांनाच पुरेल असं छोटं घर बांधलंस तर चतुर्थीला पोरं अंगणात भिजणार. दोनांचं घर पंचवीसांचं कसं होतं, हे जुन्या घराला माहीत होतं. सगळे ओळीने पडवीत झोपायचे. पडवी ही जागा काढून टाकली म्हणून बेडरूमांची संख्या वाढली. मी असते तर राहतं घर आटोपशीर ठेवलं असतं: एक खोली, स्वयंपाकघर, देवघर, बाथरूम, सगळं एका पातळीवर. त्याला तीन बाजूंनी रुंद पडवी, आणि पडवीला लागून, बाहेरून दार असलेली दोन जादा बाथरूम. तुझी सतरा टॉयलेट इथे उपयोगी पडतील!

याचा विचार करताना एकदा नवी मुंबईतल्या बेलापूरला जाऊन ये. मुंबईला जाशील तेव्हा पनवेलला उतर आणि लोकलने सीबीडी बेलापूर गाठ. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची वसाहत केली. प्रत्येक घराला स्वतःचा तुकडा, आणि गरजेप्रमाणे घर वाढवता यावं अशी मांडणी. बऱ्याच घरांचं मूळ रूप आता ओळखू येत नाही. तेच बघायला जा. लोकांनी काय ठेवलं, काय पाडलं, कुठे मजला चढवला. कोरियांचे फोटो पुस्तकात मिळतात, हे मिळत नाही.

छपराबद्दल माझं मत असं की काकांना झोपायच्या खोल्यांवर स्लॅब द्यावा. माकडं, वादळ, साप, सगळ्यांची चिंता त्याने जाते. पण त्याच्यावर उतरतं छप्पर पहिल्या दिवसापासून धर, पाच वर्षांनी पत्रा म्हणून नको. वर मंगलोरी कौलं, वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट. मधल्या पोकळीत गरम हवा राहील, नारळ आणि चतुर्थीची मोठी भांडीही राहतील. एखादं कौल फुटलं तरी पाणी थेट अंथरुणावर येणार नाही. कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) लोखंडी करणार असशील तर दर काही वर्षांनी रंगाचा खर्च येतो हे काकांना आत्ताच सांग, नंतर शिव्या खाण्यापेक्षा बरं.

आणि काकांशी सौंदर्याचं बोलू नकोस. 'पारंपरिक' हा शब्द तर अजिबात काढू नकोस, त्यांना तो 'गरिबीतला' असा ऐकू येतो. चिऱ्यांचा हिशेब दाखव. जुन्या भिंती मातीत बांधलेल्या असतील तर चिरे अख्खे सुटतात, घासून पुन्हा वापरता येतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर राहून टणक होतो; आजोबांचे चिरे ऐंशी वर्षं हवेवर आहेत. नवे चिरे लागतील ते मात्र स्वतः ठोकून घे. खणखणीत वाजला पाहिजे, आणि पोटात पांढऱ्या मातीचे गोळे असलेला चिरा गाडीतूनच परत पाठव. किंजळीचे खांब, फणसाची दारं उतरवून पडवीला लाव. यातून वाचलेला प्रत्येक रुपया कागदावर लिहून काकांच्या हातात दे. समोरच्या काचेसाठी तर वादच घालू नकोस. आजूबाजूला कुणीतरी पश्चिमेला काच लावलेली असेलच. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता काकांना त्या घरी चहाला ने.

राहिला प्रश्न सरांना सांगायचं की नाही. सांग. लपून करशीलही, पण आपल्या जिल्ह्यात अशी बातमी सिमेंटच्या दुकानातून ऑफिसात पोचायला एक दिवस पुरतो. त्याहून मोठं कारण म्हणजे पहिलं घर पाठीशी कुणी नसताना करू नये. मी केलं, गोणपाट कुणी पिळलं ते वर सांगितलंय. काकांचं घर ऑफिसात घेऊन जा. सरांना म्हण, काम मी आणतोय, सही-शिक्का तुमचा, स्ट्रक्चरल इंजिनिअर तुमचा, पण आखणीपासून शेवटच्या कौलापर्यंत हे काम मी बघणार, आणि फीतला माझा वाटा किती ते आज ठरवू. शनिवार मिळाला, डिझाइन मिळालं, चोरी नाही, चूक होताना हात धरणारं कुणी आहे. तयार झाले नाहीत तर ऑफिस बदलायला तुझ्याकडे कारण आहे, आणि ते १२ हजारांपेक्षा चांगलं कारण आहे.

काकांकडून फी घे. नात्याचे म्हणून निम्मी घे, पण घे, आणि किती ड्रॉइंग, किती वेळा बदल, किती साइट व्हिजिट ते लिहून घे. फुकटातल्या आर्किटेक्टचं मिस्त्री ऐकत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात काकाही मिस्त्रीचं ऐकायला लागतात.

मुंबई आणि मास्टर्स. कर्ज काढून आत्ता नको. एक घर उभं करून मग गेलास तर तिथे काय शिकायचं ते तुला ठाऊक असेल. मुंबईला जायला माझी हरकत नाही, पण परतीच्या पावसापर्यंत जाऊ नकोस. इथे राहून कोण मोठं झालंय, असं विचारलंस. आयआयटी कानपूरच्या इमारती तू अभ्यासल्या असशील, उघडं काँक्रीट, विटा, सावलीतून जाणारे जोडरस्ते. त्या करणारे अच्युत कानविंदे १९१६ मध्ये आपल्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात जन्मले. पण तेही इथे राहिले नाहीत. मुंबईत शिकले, हार्वर्डला जर्मन आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली गेले, दिल्लीत काम केलं. त्यामुळे मातीची शपथ घालून मी तुला थांबवणार नाही. घर मोजायचं, जुलैत त्यात राहायचं आणि शनिवार मिळवायचे, एवढ्यासाठी थांब म्हणतेय.

पोर्टफोलिओतला तो बंगला. थ्रीडी तू केलंस, घर तू केलेलं नाहीस. पानाच्या तळाशी ऑफिसचं नाव आणि 'माझा वाटा: थ्रीडी, टॉयलेट डिटेल' असं स्पष्ट लिही, आणि चित्र वापरायला सरांची परवानगी घे. मुलाखतीत मी अशा पानावर बोट ठेवून नेहमी एकच विचारते, जिन्याखालच्या बीमची खोली किती होती. ज्याचं काम नसतं त्याचा चेहरा सांगतो. तुझ्या सतरापैकी एक टॉयलेट मात्र जरूर घाल, बांधून झाल्यावर, ट्रॅपच्या जाळीचा फोटो जवळून काढून.

मी बघेन, पाठव. थीसिस असू दे, नवं छप्पर काढलंस तर जुनं आणि नवं शेजारी शेजारी लाव. पण पहिल्या पानावर मला आजोबांच्या घराचा तू मोजून काढलेला सेक्शन हवाय, वळचणीच्या उंचीसकट. फाइल १० एमबीच्या आत ठेव. मिरग लागला की आमच्याकडे नेट दोन-दोन दिवस येत नाही.